ताकद मोजायची तर खाऱ्या पाण्यात मोजा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही बांधकामाच्या निविदेत, मग ती जेट्टी असो, बंधाऱ्यावरचे कठडे असोत की खाडीवरचा साकव असो, 'वापरावयाच्या साहित्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करून प्रमाणपत्र सादर करावे' अशी अट असते. अट योग्य आहे आणि ती पाळलीही जाते. तरीही प्रमाणपत्र फायलीत सुरक्षित राहते आणि लोखंड मात्र पाच-सात पावसाळ्यांत पापुद्रे टाकू लागते, हे आपण सगळे उघड्या डोळ्यांनी पाहतो. मी रत्नागिरी जिल्ह्यात एका तंत्रनिकेतनाच्या यंत्रशाळेत आणि साहित्य-चाचणी प्रयोगशाळेत निदेशक म्हणून तीस वर्षे काम केले. या काळात असंख्य सळया ओढून तोडल्या, सिमेंट काँक्रीटचे असंख्य ठोकळे फोडले आणि त्या आकड्यांखाली सह्या केल्या. ते आकडे खरेच होते. पण किनाऱ्यावरच्या माणसाला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, तो प्रश्न त्या यंत्रांना कधी विचारलाच गेला नव्हता, असे आता मला वाटते. म्हणून हे पत्र.

प्रयोगशाळेत नेमके काय होते, ते आधी सांगतो. सळईचा तुकडा कोरडा, नवा आणि स्वच्छ असतो. तो यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) या यंत्राच्या दोन जबड्यांत घट्ट धरला जातो, भार हळूहळू वाढवत नेला जातो आणि काही मिनिटांत तुकडा तुटतो. किती भाराला ताणला गेला, किती भाराला तुटला आणि तुटण्याआधी किती लांबला, एवढे लिहून घेतले की काम संपते. काँक्रीटचा ठोकळा पंधरा सेंटिमीटरचा असतो. तो अठ्ठावीस दिवस स्वच्छ गोड्या पाण्यात, २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा आणि मग दाबून फोडायचा. एम-३० प्रतीच्या ठोकळ्याने ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद गाठली म्हणजे त्याने एकूण सुमारे ६९ टनांचा दाब सोसला. ही साहित्याची जन्मदिवशीची ताकद झाली. दहाव्या वर्षी, ऐन उधाणात ते साहित्य कसे वागेल, याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही.

'आत्यंतिक परिस्थिती' म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर अवकाशयान, अणुभट्टी किंवा खोल समुद्रातली पाणबुडी येते. आपल्याच देशाची 'मत्स्य-६०००' ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी तयार होत आहे. तिथे पाण्याचा दाब वातावरणाच्या सुमारे सहाशे पट असतो आणि त्यासाठी टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ऐंशी मिलिमीटर जाडीचा गोल लागतो. परंतु काँक्रीटच्या कामासाठी देशभर वापरले जाणारे आयएस ४५६ हे भारतीय मानक उघडून पाहिले, तर पर्यावरणाचे जे पाच वर्ग त्यात दिले आहेत, त्यांतल्या शेवटच्या आणि सर्वांत कठोर वर्गाचे नाव 'एक्स्ट्रीम' असेच आहे, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येणारे पृष्ठभाग त्यातच धरलेले आहेत. म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ज्या खांबाला आपण होडीचा दोर बांधतो, तो खांब मानकाच्या भाषेतही आत्यंतिक परिस्थितीत उभा आहे. अशा ठिकाणी सळईयुक्त काँक्रीट किमान एम-४० प्रतीचे असावे, सळईवर काँक्रीटचे आवरण ७५ मिलिमीटर असावे आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० पेक्षा जास्त नसावे, असे मानक सांगते. हे सारे उत्तम आहे. पण या कामाचा ठोकळाही गोड्या पाण्यातच भिजतो आणि गोड्या पाण्यातून काढूनच फोडला जातो.

माझे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले ते एका तुटलेल्या शॅकलमुळे, म्हणजे दोर-साखळ्या जोडण्याच्या यू आकाराच्या लोखंडी कडीमुळे. आमचा एक विद्यार्थी तांडेलाचा मुलगा होता. त्याने एके दिवशी वडिलांच्या ट्रॉलरवरच्या, जाळे ओढण्याच्या वायर रोपला जोडलेल्या शॅकलचे दोन तुकडे कापडात गुंडाळून वर्गात आणले. जाळे ओढताना शॅकल तुटला, वायर उसळली आणि एका खलाशाच्या हाताचे हाड मोडले. शॅकल घेताना पुरवठादाराने चाचणीचे प्रमाणपत्र दिले होते, आणि जेवढ्या भाराला तो प्रत्यक्षात तुटला, त्याच्या दुपटीहून अधिक भार त्याने प्रयोगशाळेत सोसल्याचे त्यात नमूद होते. तुटलेला पृष्ठभाग मी भिंगाखाली धरला. एका कडेला नखाएवढा भाग काळपट-तांबडा होता आणि त्यावर, ओहोटीनंतर पुळणीवर लाटांच्या रेषा राहतात तशा, एकापुढे एक वळणदार रेषा उमटल्या होत्या. उरलेला भाग चकचकीत, दाणेदार आणि ताजा होता. काळपट भाग महिनोन् महिने थोडा थोडा फाटत गेला होता. चकचकीत भाग त्या दिवशी, एका क्षणात तुटला होता. प्रमाणपत्र खोटे होते असे मी म्हणणार नाही. चाचणीत शॅकलला एकदाच ओढले होते, आणि समुद्रात त्याला लाखो वेळा, तेही खारट पाण्यात भिजवून ओढले गेले.

लाखो वेळा म्हणतो त्याचा हिशेब साधा आहे. पावसाळ्यात साधारण आठ सेकंदांनी एक लाट येते असे धरले, तर दिवसाला १०,८०० लाटा होतात आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तेरा लाख. प्रत्येक लाटेगणिक नांगराचा साखळदंड, जेट्टीचा बोल्ट, तरंगत्या धक्क्याची बिजागरी थोडी ताणली जाते आणि थोडी सैल होते. धातूला असा वारंवार दिलेला भार थकवतो, हे अभियांत्रिकीत दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. कोरड्या हवेत साध्या पोलादाच्या बाबतीत एक दिलासा असतो. विशिष्ट मर्यादेच्या खालचा भार कितीही वेळा दिला तरी ते तुटत नाही. खाऱ्या पाण्यात ती मर्यादाच नाहीशी होते. लहान भारसुद्धा, पुरेसा वेळ मिळाला की, पोलाद तोडतो.

यंत्राची रचना करणाऱ्यापुढे खरी अडचण इथूनच सुरू होते. प्रयोगशाळेतले आधुनिक यंत्र सेकंदाला दहा वेळा भार देऊ शकते. त्या वेगाने तेरा लाख वेळा ओढायला सदतीस तासही पुरे होतात, आणि शुक्रवारी लावलेला नमुना रविवारी अहवालासह परत देता येतो. पण सदतीस तासांत लोखंडावर गंज कितीसा चढणार? भेग उघडली की तिच्या टोकाशी खारे पाणी शिरायचे, तिथे रासायनिक क्रिया व्हायची आणि मग पुढच्या लाटेला भेग तसूभर पुढे सरकायची, या साऱ्याला वेळ लागतो. हातोडा वेगाने चालवता येतो. समुद्राचे काम तसे घाईने उरकता येत नाही. म्हणून गंज आणि थकवा एकत्र तपासायचे तर यंत्र मुद्दाम संथ चालवावे लागते, आणि चार महिन्यांच्या पावसाळ्याची चाचणी चार महिनेच चालते. ज्याला ही गोष्ट मान्य नाही, त्याने या कामात पडू नये असे मला मनापासून वाटते.

घाई करण्याचे जे मार्ग बाजारात आहेत, त्यांपैकी सर्वांत प्रचलित म्हणजे मिठाच्या फवाऱ्याची पेटी. बंद पेटीत पाच टक्के मिठाच्या द्रावणाचे धुके ३५ अंश सेल्सिअसला सतत सोडायचे आणि नमुना किती तासांनी गंजतो ते पाहायचे. रंगाच्या डब्यावर किंवा नळाच्या माहितीपत्रकावर 'एक हजार तास उत्तीर्ण' असे जे छापलेले असते, ते याच पेटीतले तास. दोन नगांत प्रत घसरली आहे का, एवढे पाहायला ही पेटी उपयोगी पडते. पण या तासांचा वर्षांशी हिशेब बसत नाही. किनाऱ्यावर वस्तू भिजते, वाळते, उन्हात तापते आणि पुन्हा भिजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वाळण्याच्या काळातच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे एक संरक्षक थर तयार होतो. सतत ओल्या पेटीत तो तयार होऊ शकत नाही, म्हणून तिथे चांगले जस्तही वाईट ठरते. पाणी तापवून वेग वाढवायचा म्हटले, तर पाणी जसजसे तापते तसतसा त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. उघड्या भांड्यात ८० अंशांच्या आसपास पोहोचल्यावर गंजण्याचा वेग वाढायच्या ऐवजी उतरू लागतो. प्रत्येक आडवाटेला अशी काही ना काही किंमत मोजावी लागते.

तेव्हा त्या शॅकलनंतर आम्ही यंत्रशाळेत स्वतःच एक सांगाडा तयार केला. त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण असे यंत्र करू पाहणाऱ्याला आमच्या यशापेक्षा आमच्या चुका अधिक उपयोगी पडतील. कल्पना जुनीच होती. जाड चॅनेलचा उभा सांगाडा, वर एकास दहा या प्रमाणात विभागलेली तरफ, तिच्या लांब टोकाला बिडाच्या चकत्यांचे वजन आणि आखूड टोकाला नमुना. साठ किलो वजन लावले की नमुन्यावर सहाशे किलोंचा ओढा येतो. नमुना लेथवर कमरेशी सहा मिलिमीटर व्यासापर्यंत उतरवला, म्हणजे त्यावरचे प्रतिबल २०८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास जाते. हायड्रॉलिक पंप नको, महागडे नियंत्रण नको. वजन टांगले की ते टांगलेलेच राहते. वीज असो वा नसो, गुरुत्वाकर्षणाला भारनियमन नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधार काढला, हे आठवले की या साध्या रचनेचे महत्त्व पटते.

लाटेची नक्कल करण्यासाठी गिअर लावलेली, मिनिटाला साडेसात फेरे घेणारी लहान मोटर बसवली. तिच्या फेऱ्यागणिक एक कॅम, म्हणजे एका बाजूला फुगीर असलेली चकती, तरफेखाली येऊन वजनाचा बहुतेक भाग उचलून धरी आणि पुन्हा सोडून देई. शेजारी यांत्रिक आकडेमोजणी. वीज गेली तर मोटर थांबे, मोजणीही थांबे, आणि तेवढे तास वहीत वेगळे लिहिले जात, कारण मोटर थांबली तरी खारे पाणी थांबत नाही. वजनाखाली वाळूने भरलेली पेटी आणि त्या पेटीवर एक खटका ठेवला. नमुना तुटून वजन खाली आले की खटका दबायचा आणि घड्याळ व मोटर दोन्ही बंद पडायचे. रात्री दोन वाजता तुटलेल्या नमुन्याची वेळ सकाळी अचूक मिळे.

पहिला नमुना तुटला तो कमरेशी नव्हे, तर पकडीजवळ, आणि तोही फार लवकर. विद्यार्थी खूश झाले होते. मला ते पटेना. नमुना उघडून पाहिला तेव्हा चूक लक्षात आली. पकड गंजू नये म्हणून आम्ही ती स्टेनलेसची केली होती आणि नमुन्यासकट पाण्यात बुडवली होती. स्टेनलेस आणि साधे पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि साधे पोलाद झिजते. मोठी स्टेनलेस पकड आणि लहानसा पोलादी नमुना, हे तर त्याचे सर्वांत वाईट प्रमाण. म्हणजे समुद्र जे करतो ते न मोजता आम्ही आमच्याच यंत्राने केलेले नुकसान मोजत होतो. मग पकडी आणि भारमापक दोन्ही पाण्याच्या वर, कोरड्यात नेले. नमुन्याच्या फक्त कमरेभोवती लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी तळाला भोक पाडून बसवली आणि भोकात रबरी वॉशर घातला. बरणीत खारे पाणी, बाहेर सगळे कोरडे. हा आराखडा चांगला होता, पण दुसरा नमुना रबराच्या कडेशी गंजून तुटला. रबर आणि लोखंड यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी साचते, तिथला प्राणवायू संपतो आणि फटीतच गंज खोल जातो. शेवटी रबराच्या वर-खाली दोन बोटे अंतरापर्यंत नमुन्याला इपॉक्सीचा जाड लेप दिला आणि फक्त कमर उघडी ठेवली. त्यानंतर नमुने जिथे तुटायला हवेत तिथे तुटू लागले.

तिसरी चूक अधिक फसवी होती, कारण ती दिसत नव्हती. तरफेचा टेकू आम्ही साध्या पिनेवर घेतला होता. पावसाळ्यात यंत्रशाळेच्या दमट, खारट हवेत पीन धरू लागली. वरून वजन साठ किलो, हिशेबाने ओढा सहाशे किलो, पण प्रूव्हिंग रिंग (भार अचूक मोजणारे पोलादी कडे) लावून पाहिले तर नमुन्यापर्यंत जेमतेम साडेपाचशे पोहोचत होते. बाकीचे पिनेच्या घर्षणात अडकत होते. असे यंत्र नमुन्याला आहे त्याहून दणकट ठरवते, आणि चाचणीयंत्राचा सर्वांत घातक दोष तोच. पीन काढून सोनाराच्या तराजूत असते तशी कठीण पोलादाची धार बसवली, तिच्यावर ग्रीसची टोपी घातली आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रूव्हिंग रिंगने भार तपासायचा असा नियम केला. तो नियम मी निवृत्त होईपर्यंत एकदाही मोडू दिला नाही.

पाण्याबद्दलही दोन शब्द. नळाच्या पाण्यात मीठ घालून समुद्र होत नाही. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यांत मॅग्नेशियम, सल्फेट आणि इतर कितीतरी गोष्टी, शिवाय जीवजंतू असलेले खरे पाणी आणावे लागते, आणि ते पूर्ण भरतीला, खाडीच्या मुखापासून दूर उघड्या किनाऱ्यावर भरावे लागते. कारण जुलैत खाडीचे पाणी जवळपास गोडे असते. बरणीतले पाणी साचून राहिले तर त्यातला प्राणवायू संपतो आणि गंज मंदावतो. म्हणून दर आठवड्याला पाणी बदलायचे आणि शोभेच्या मत्स्यटाकीत वापरतात तो हवेचा लहान पंप बरणीत सोडायचा. या सगळ्यानंतर आम्ही एकाच सळईतून उतरवलेले दोन नमुने, एक कोरडा आणि एक पाण्यात, जूनमध्ये एकाच भाराला लावले. पाण्यातला पावसाळा संपण्याआधी तुटला. कोरडा तितक्याच फेऱ्यांनंतर काढून पाहिला, तर त्यावर भिंगातूनही भेग दिसली नाही. एका जोडीवरून नियम मांडता येत नाही हे मी जाणतो. पण त्या मुलांनी दोन्ही नमुने हातात घेऊन जे पाहिले, ते पुस्तकातल्या दहा पानांनी त्यांना पटले नसते.

यंत्र बरोबर असूनही चाचणी फसू शकते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण कॉमेट विमानाचे आहे. जगातल्या या पहिल्या प्रवासी जेट विमानांपैकी दोन १९५४ साली जानेवारी आणि एप्रिलमध्ये आकाशातच फुटली. निर्मात्यांनी विमानाच्या सांगाड्याचा नमुना सोळा हजार वेळा फुगवून तपासला होता. प्रत्यक्षात मात्र पहिले विमान १,२९० आणि दुसरे सुमारे ९०० उड्डाणांनंतर निकामी झाले. याचे एक कारण असे, की तपासलेल्या त्याच नमुन्यावर आधी मोठ्या दाबाची वेगळी चाचणी झाली होती. त्या दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळचा पत्रा किंचित ताणला गेला आणि भेगेविरुद्ध उलट अधिक टिकाऊ झाला. प्रवासी ज्या विमानांत बसले, त्यांच्या पत्र्याला हा लाभ मिळालेला नव्हता. नंतर इंग्लंडमधल्या फार्नबरो येथे अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, आत पाणी भरून-सोडून दाब दिला गेला आणि आधीची उड्डाणे धरून एकूण ३,०५७ फेऱ्यांना सांगाडा फाटला. हवेऐवजी पाणी का, हेही जाणून घेण्यासारखे आहे. हवा दबली की तिच्यात ऊर्जा साठते आणि सांगाडा फाटताच बॉम्बसारखा स्फोट होऊन पुरावा नष्ट होतो. पाणी जवळपास दबतच नाही, म्हणून भेग जिथे सुरू झाली ती जागा शाबूत सापडते.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे आहे. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसे गेली. १९२८ साली बांधलेल्या त्या पुलाच्या साखळीतल्या एका पोलादी दुव्यात जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग पडली होती. ताण आणि गंज यांनी मिळून ती चाळीस वर्षांत वाढवली. पूल बांधला तेव्हा पोलादाची ताकद तपासलेली होती, पण ताण आणि गंज एकत्र काम करतात तेव्हा काय होते, हे त्या काळी पुलाच्या कामात तपासले जात नव्हते. आज ते तपासता येते.

आपल्याकडे मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, आपल्या पहिल्याच पावसाळ्यात कोसळला. त्यातल्या नट-बोल्टांना गंज चढल्याचे आधीच निदर्शनास आले होते, हे त्या वेळी वृत्तपत्रांतून आलेच आहे. दोष कोणाचा, हा विषय तपासयंत्रणांचा आणि न्यायालयाचा. मी त्यात शिरत नाही. पण एक पावसाळा म्हणजे काय चीज आहे, याचे मोजमाप किनाऱ्यावर करून ठेवलेले असायला हवे, ही जाणीव त्या दिवशी प्रत्येक कोकणी माणसाच्या मनाला चाटून गेली असेल.

काँक्रीटसाठी तर याहून सोपे साधन आहे. काँक्रीट कोरे असताना खारे पाणी त्यात फार हळू शिरते. भार आला की त्याच्या ताणलेल्या अंगाला बारीक भेगा पडतात आणि तिथून मीठ सळईपर्यंत लवकर पोहोचते. गंजलेले लोखंड मूळच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापते, त्यामुळे आवरण आतून फुटते. म्हणून काँक्रीटची तुळई भाराखाली ठेवूनच किनाऱ्यावर उघडी टाकायला हवी. त्यासाठी दोन तुळया पाठीला पाठ लावून ठेवायच्या, मध्ये दोन आधार द्यायचे आणि दोन्ही टोके लांब बोल्टने एकमेकींकडे आवळायची. बोल्टखाली जाड स्प्रिंग घातली की काळानुसार काँक्रीट किंचित वाकले तरी भार फारसा उतरत नाही. स्प्रिंग किती दबली ते पट्टीने मोजायचे की भार कळला. अशी जोडी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कातळाला बांधून ठेवली, तर वर्षाला सुमारे ७०५ भरत्या तिला फुकट मिळतात. एवढ्या वेळा भिजवून वाळवणारे यंत्र विकत घ्यायला गेलो तर लाखांत जाईल. अशा जागी काँक्रीटमधली भेग ०.१ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी असे मानक सांगते. ती भेग दर सहा महिन्यांनी भिंगाने मोजणे कोणत्याही डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला जमेल.

उघड्यावर पट्ट्या टांगण्याचे काम त्याहूनही स्वस्त आहे. शंभर बाय दीडशे मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्या वजन करून, चिनी मातीच्या किंवा नायलॉनच्या आधारावर समुद्राकडे तोंड करून टांगायच्या, वर्षाने काढून गंज धुऊन पुन्हा वजन करायचे. वर्षाला प्रत्येक बाजूने शंभर मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) झीज झाली असेल, तर अशा पट्टीचे वजन जवळपास २४ ग्रॅमने घटलेले असते. किराणा दुकानातला चांगला इलेक्ट्रॉनिक काटाही ते दाखवील. आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक ८० ते २०० मायक्रॉन झिजेच्या जागेला सी-५ आणि त्यापुढच्या जागेला सी-एक्स, म्हणजे आत्यंतिक, असा वर्ग देते. हर्णै, जयगड, देवगड, वेंगुर्ला यांपैकी कुठली जागा कुठल्या वर्गात बसते, पाण्याच्या रेषेपासून शंभर मीटर आत, पाचशे मीटर आत आणि घाटाच्या पायथ्याशी काय फरक पडतो, हे तालुकावार कोष्टकात मांडलेले असेल तर घर बांधणाऱ्या माणसालाही पत्रा कोणता घ्यावा हे कळेल.

यासाठी देशात धीर आणि कौशल्य नाही असे नाही. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत बॉयलरच्या पोलादाचे नमुने तापलेल्या भट्टीत भाराखाली वर्षानुवर्षे ठेवले जातात. या शास्त्रात एक लाख तास, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, हा नेहमीचा मापदंड आहे. तमिळनाडूतल्या मंडपम येथे कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेचे सागरी गंज-अभ्यास केंद्र आहे, आणि नौदलासाठी लागणाऱ्या साहित्याचे संशोधन आपल्या अंबरनाथला होते. मोठ्या संस्था मोठ्या प्रश्नांत गुंतलेल्या असतात. रत्नागिरीच्या होडीमालकाने, दापोलीच्या कंत्राटदाराने किंवा मालवणच्या ग्रामपंचायतीने आपला बोल्ट, शॅकल वा सळई घेऊन जावे आणि 'हे आमच्या समुद्रात किती टिकेल?' असे विचारावे, असे ठिकाण माझ्या सगळ्या नोकरीत मला आसपास कुठे आढळले नाही.

म्हणून माझी विनंती शासनाच्या तंत्रशिक्षण संचालनालयाला, सागरी मंडळाला आणि किनाऱ्यावरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी एका तंत्रनिकेतनात असे आठ-दहा तरफेचे सांगाडे उभे करावेत. ते बाहेरून विकत न घेता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून, तिथल्याच लेथवर आणि वेल्डिंगच्या टेबलावर तयार व्हावेत. मोजणी दर वर्षी नव्या तुकडीने पुढे चालवावी, म्हणजे नमुना मुलांपेक्षा जास्त वर्षे संस्थेत राहील. मिळालेले आकडे, तुटलेल्या नमुन्यांसह, वाईट निघालेल्या चाचण्याही न लपवता, सर्वांना पाहायला खुले ठेवावेत. आणि किनाऱ्यापासून ठरावीक अंतरातल्या निविदांत कोरड्या प्रमाणपत्राच्या जोडीला भाराखालच्या खाऱ्या पाण्यातल्या चाचणीचा अहवाल मागावा. सुरुवातीची काही वर्षे असे अहवाल अपुरे असतील, कारण नमुने तोवर तुटलेलेच नसतील. तेवढा काळ मानकातल्या तरतुदी काटेकोर पाळणे आणि आवरणाची जाडी प्रत्यक्ष कामावर मोजणे, एवढे तरी व्हावे.

आमच्या सांगाड्याचे आराखडे, धारेच्या टेकूचे माप, बरणीच्या बैठकीचे रेखाचित्र आणि नोंदींच्या वह्या माझ्याकडे नीट ठेवलेल्या आहेत. ज्या संस्थेला हव्या असतील तिला त्यांच्या प्रती देण्याची आणि पहिला सांगाडा उभा करताना स्वतः येऊन हाताला हात लावण्याची माझी तयारी आहे. पट्ट्या आणि तुळया मात्र मे महिन्याच्या अखेरीपूर्वी किनाऱ्यावर लावाव्यात. पहिला पाऊस पडून गेल्यावर लावल्या, तर उन्हात तापलेल्या, मीठ सुकून बसलेल्या लोखंडावर जी पहिली सर पडते, तिचा परिणाम मोजायचा राहून जातो, आणि त्यासाठी पुन्हा वर्षभर थांबावे लागते.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त निदेशक,
रत्नागिरी